अण्णांचा शेरा आणि तीस दिवसांची नोटीस

१६ फेब्रुवारी २०२४ ला पुण्यात विवाह अधिकाऱ्यांसमोर माझं लग्न झालं, विशेष विवाह कायद्याखाली. त्याआधी बरेच महिने मी या कायद्याची माहिती इकडून तिकडून गोळा करत होते. वकिलांचं बोलणं डोक्यावरून जायचं आणि एजंटांशी बोलल्यावर आहे तो धीरही सुटायचा. कडक घरात वाढून स्वतःच्या मर्जीने लग्न ठरवलेल्यांना एका जागी सगळं वाचायला मिळावं म्हणून हे लिहून ठेवते. कागदांबरोबर घराचंही लिहावं लागणार आहे, कारण माझी खरी अडचण कागदांची नव्हतीच.

आमचं घर सांगलीचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. घरात नियम होते आणि ते सगळ्यांना पाठ होते. चपला दाराशी टोकं बाहेर करून, वयाच्या क्रमाने लावायच्या. पंखा गुढीपाडव्याला सुरू व्हायचा आणि मृग लागला की बंद. ऑक्टोबरच्या उकाड्यात पाहुणे घामाघूम झाले तरी बटणाला हात लावायचा नाही. फोन बाहेरच्या खोलीत, उभ्याने, भिंतीवरच्या घड्याळात बघून तीन मिनिटं. कुणाच्याही नावाने आलेलं पाकीट अण्णा फोडणार. झोपायच्या खोलीचं दार लावायचं नाही. दिवेलागणीला दाराला कडी, आणि दादासाठी तीच कडी तासभर उशिरा.

या सगळ्यांत मोठा नियम होता अर्जाचा. सहलीला जायचंय, मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचंय, स्नेहसंमेलनात भाग घ्यायचाय, तर फुलस्केप कागदावर अर्ज. प्रति, तीर्थरूप अण्णा. विषय. कारण. जाण्याची वेळ, परतण्याची वेळ. खाली सही आणि तारीख. अर्ज रात्री टेबलावर ठेवायचा, सकाळी समासात लाल शाईने शेरा असायचा: 'मंजूर' किंवा 'नामंजूर'. नामंजूर का, ते लिहिलेलं नसायचं आणि विचारायचंही नसायचं. आईकडे दाद मागण्यात अर्थ नव्हता, कारण माहेरी जायचं तर तीही आधी विचारायची. सगळे अर्ज तारखेवार फाइलला लावलेले असत. सातवीच्या सहलीचा माझा नामंजूर अर्ज त्या फाइलमध्ये अजून असेल.

अण्णांबद्दल एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांनी आम्हाला कधी हात लावला नाही. नोकरीत कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले आणि त्याचा कधी उच्चारही केला नाही. मला त्यांचा राग येतो आणि अभिमानही वाटतो. दोन्ही खरं आहे, एकाने दुसरं पुसलं जात नाही.

अशा घरात वाढलं की एक सवय अंगात मुरते. काहीही करण्याआधी मन कुणाचा तरी होकार शोधायला लागतं. पुण्यात नोकरी लागून स्वतःचं भाडं भरायला लागले, तरी दुचाकी घ्यायची तर छातीत धडधडायचं. विचारायला समोर कुणी नव्हतं, तरी विचारल्याशिवाय पाय पुढे पडत नव्हता.

माझा नवरा मला कामाच्या ठिकाणीच भेटला. तो दुसऱ्या जातीचा. २०२२ च्या दिवाळीत मी घरी सांगितलं. अण्णा म्हणाले, "नाही." पुढे त्या विषयावर एक अक्षर नाही. आम्ही वाट पाहिली. आत्या बोलून बघते म्हणाली, ती बोलली आणि हात हलवत परत आली. त्याच्या घरचे तयार होते, पण तेही म्हणत होते की मुलीच्या घरचं कुणीतरी यायला हवं. २०२३ चा पावसाळा संपत आला तेव्हा आम्ही ठरवलं, आता पुरे.

आमच्यासमोर दोन वाटा होत्या. एक म्हणजे विधी करून लग्न लावायचं आणि मग त्याची नोंदणी करायची. दोघंही हिंदू असल्याने ते चाललं असतं, नोटिशीची भानगड नव्हती, आठवड्याभरात उरकलं असतं. बहुतेक मित्रांनी हीच वाट सुचवली. दुसरी वाट विशेष विवाह कायदा, १९५४ ची. त्यात जात-धर्म कुठे येत नाही, विधी लागत नाही, पण आधी नोटीस द्यावी लागते आणि ती तीस दिवस कार्यालयातल्या फलकावर राहते. मी दुसरी वाट धरली. विधींवर आमचा दोघांचाही विश्वास नाही, हे एक कारण. दुसरं कारण माझं स्वतःचं. लहानपणी जे काही हवं होतं ते मी चोरून केलं होतं. पुस्तक पांघरुणात वाचलं, गाणी आवाज बारीक करून ऐकली. लग्न तरी लपून करायचं नाही, असं मला फार आतून वाटत होतं.

जातीबाहेरच्या लग्नाला कायद्याचं पाठबळ आमच्या भागाला नवीन नाही. सांगलीपासून तासा-दीड तासावर कोल्हापूर. तिथे शाहू महाराजांनी १९१९ मध्येच आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांना मान्यता देणारा कायदा आपल्या संस्थानात केला होता. अण्णांना शाहू महाराजांबद्दल मनापासून आदर आहे. तरीही यावरून मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मला त्यांना हरवायचं नव्हतं.

ऑक्टोबरपासून कागदांना लागले. अडचण पहिल्याच दिवशी दिसली: माझा जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला अण्णांच्या लोखंडी कपाटात, किल्ली त्यांच्या जानव्याला. तुमचेही मूळ कागद असे अडकले असतील तर घाबरू नका. जन्मदाखल्याची नवीन प्रत महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात किरकोळ शुल्कात मिळते. जन्मतारीख, जन्माचं ठिकाण आणि आईवडिलांची नावं पक्की माहीत हवीत. शाळाही दुसरी प्रत देते. माझा जन्मदाखला दादाने काढून कुरिअरने पाठवला. तो अण्णांपुढे अजून बसून जेवतो, त्याने हे केलं याची मला जाणीव आहे.

दुसरं काम राहण्याच्या पुराव्याचं. ज्या जिल्ह्यात नोटीस द्यायची तिथे दोघांपैकी एक जण तरी नोटिशीच्या लगेच आधी किमान तीस दिवस राहत असला पाहिजे. आमचा भाडेकरार नोंदणीकृत होता, त्यावर मी आधारवरचा पत्ता बदलून पुण्याचा करून घेतला. ऑनलाइन, तेव्हा पन्नास रुपयांत. नुसत्या स्टँपवर लिहिलेला करार असेल तर घरमालकाशी आधी बोला, नोंदणीकृत करार पुढे अनेक ठिकाणी उपयोगी पडतो. याशिवाय दोघांचे फोटो, ओळखपत्रं, वयाचे पुरावे. आधीचं लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा जोडीदाराचा मृत्यूदाखला. प्रत्येक कागदावर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते आत्ताच बघून घ्या. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने होतं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं.

कायद्यातलं कलम ४ मात्र स्वतः वाचा, छोटं आहे. कुणाचाही आधीचा जोडीदार हयात नसावा (रीतसर घटस्फोट झाला असेल तर प्रश्न नाही), दोघंही संमती देण्याच्या मनःस्थितीत असावेत, मुलगा २१ आणि मुलगी १८ वर्षं पूर्ण असावी, आणि दोघांचं नातं निषिद्ध नात्यांच्या यादीत नसावं. या यादीत मामाची मुलगी आणि आत्याची मुलगीही येते. त्यामुळे ज्यांच्यात अशी लग्नं रूढ आहेत त्यांनी वकिलाला विचारूनच पुढे जावं. आईवडिलांच्या संमतीचा या कलमात कुठेही उल्लेख नाही. मी ते कलम छापून पाकिटात ठेवलं होतं.

मग कलम ६ वाचलं आणि रात्रभर झोप लागली नाही. दोघांपैकी कुणाचं कायमचं राहणं दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यांकडे जाते आणि तिथल्या फलकावरही लागते. म्हणजे सांगलीत. अण्णांचे निम्मे मित्र सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेले. एका एजंटाने सात हजार सांगितले आणि वर सल्ला दिला की कायमचा पत्ताही पुण्याचाच लिहा, सांगलीला काही जाणार नाही. मी इतकी वर्षं पुण्यात राहते, तसं लिहिता आलंही असतं कदाचित. पण अर्जात सांगलीचं घर माझं नाही असं लिहायला माझा हात धजेना. मी कायमच्या पत्त्यात सांगलीच लिहिलं. हे मी माझ्यापुरतं सांगते आहे. ज्यांच्या घरून मारहाणीची, कोंडून ठेवण्याची भीती आहे त्यांनी असलं काही करू नये. त्यांच्याविषयी खाली लिहिलं आहे.

सांगलीत नोटीस लागणार तर अण्णांना ती बाहेरून कळता कामा नये. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी घरी गेले. दुपारी अण्णा पेपर वाचत होते. मी उभी राहिले, सवयीनेच, आणि म्हणाले, "अण्णा, मी विचारायला आले नाही, सांगायला आले आहे. जानेवारीत आम्ही लग्नाची नोटीस देणार आहोत. तिची प्रत इथल्या कार्यालयात लागेल. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये."

त्यांनी पेपरची घडी घातली. विचारलं, "कोणत्या कायद्याखाली?" मी सांगितलं. ते उठून आत गेले.

आई स्वयंपाकघरात डोळे पुसत भाकरी थापत राहिली. निघताना तिने डब्यात मेथीचे लाडू दिले. नेहमीच देते, त्याही दिवशी दिले. अण्णा बाहेर आले नाहीत. बसमध्ये इस्लामपूर येईपर्यंत माझे हात थरथरत होते आणि तरी खूप वर्षांत वाटलं नव्हतं इतकं मोकळंही वाटत होतं.

महाराष्ट्रात नोटीस नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येते. फॉर्म भरायला वेळ ठेवा, मध्येच पान बंद पडलं तर पुन्हा सुरुवात करावी लागते. कागदपत्रं आधी स्कॅन करून ठेवा. आम्ही ८ जानेवारीला, सोमवारी, कार्यालयात जाऊन नोटीस पुरी केली. मूळ कागद तपासले, फोटो आणि अंगठे घेतले, पावती मिळाली. सरकारी शुल्क अगदी थोडं आहे. एजंटाच्या हजारांत काय समाविष्ट असतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

टेबलापलीकडच्या बाईंनी कागद चाळता चाळता विचारलं, "आईवडिलांचं संमतीपत्र?" माझ्या तोंडाला कोरड पडली. क्षणभर मी पुन्हा सातवीत होते आणि समोर लाल शेरा होता. मग म्हणाले, "मॅडम, आम्ही दोघंही सज्ञान आहोत, संमतीपत्राची अट कायद्यात नाही." पाकिटातलं कलम ४ काढायला हात गेला, पण गरज पडली नाही. "बरं," म्हणून त्यांनी पुढचा कागद घेतला. तुम्हालाही असं कुणी विचारलं तर आवाज न चढवता एवढंच सांगा.

घरी येऊन मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक अर्ज असा दिला होता, जो नाकारायचा तर समोरच्याला कारण लिहावं लागलं असतं. सरकारी कचेरीला लोक नावं ठेवतात. मलाही तिथे ताटकळावं लागलं. पण तिथले नियम छापलेले असतात. ते वाचता येतात, त्यांवर बोट ठेवून बोलता येतं. माझ्या घरात ही सोय नव्हती आणि तिच्यासाठी मी किती भुकेली होते ते त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

मग तीस दिवस वाट बघणं. या काळात कुणीही हरकत घेऊ शकतं, पण हरकत फक्त कलम ४ मधल्या अटी मोडल्याची असावी लागते. 'आम्हाला पसंत नाही', 'जात वेगळी आहे', 'मुलगी आमचं ऐकत नाही' ही कारणं कायद्याला चालत नाहीत. हरकत आलीच तर विवाह अधिकाऱ्यांनी तीस दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो. त्यांनी हरकत मान्य केली तर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं, त्यालाही तीस दिवसांची मुदत आहे. हे सगळं माहीत असूनही दादाचा फोन वाजला की पोटात गोळा यायचा. नवरा रोज संध्याकाळी मला चालायला घेऊन जायचा. त्याने एकदाही 'घाबरतेस कशाला' असं म्हटलं नाही.

जानेवारीच्या अखेरीस दादाने सांगितलं की अण्णा त्या कार्यालयात जाऊन फलक वाचून आले. चष्मा लावून, पूर्ण. माझ्या पायांतलं बळच गेलं. हरकत घ्यायची तर कशी घ्यायची, कुठे टिपण द्यायचं, हे अण्णांना शिकवायची गरज नव्हती. उभा जन्म त्यांनी तेच काम केलं होतं. आत्याने त्यांना सरळ विचारलं, "मग आता हरकत घेणार का?" अण्णा म्हणाले, "कायद्यात बसणारी हरकत नाही. खोटी मी घेणार नाही."

हे वाक्य दादाने मला फोनवर दोनदा सांगितलं. ज्या माणसाने मला कधी कारण दिलं नाही, त्याने इथे कारण नव्हतं म्हणून हात मागे घेतला. लोकांना ही छोटी गोष्ट वाटेल. मला ती फार मोठी वाटते.

मुदत संपल्यावर तारीख घ्यायला उशीर करू नका. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस रद्द होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. आम्हाला १६ फेब्रुवारी मिळाली. तीन साक्षीदार लागतात, त्यांनी मूळ ओळखपत्रं आणायची. एखादा जास्तीचा माणूस सांगून ठेवा, ऐनवेळी कुणी अडकतं. आमच्याकडून त्याची बहीण आणि माझी ऑफिसातली मैत्रीण ठरली होती. आदल्या रात्री दादाचा मेसेज आला: तिसरी सही माझी धर.

प्रत्यक्ष लग्नाला फार वेळ लागला नाही. दोघांनी आणि साक्षीदारांनी घोषणापत्रावर सह्या केल्या. मग अधिकाऱ्यांसमोर आणि साक्षीदारांसमोर एकमेकांना म्हणायचं असतं की मी तुला माझा कायदेशीर पती म्हणून, पत्नी म्हणून स्वीकारते, स्वीकारतो. दोघांना समजेल अशा कुठल्याही भाषेत चालतं. मी मराठीत म्हणाले आणि आवाज मला वाटला होता त्यापेक्षा स्पष्ट निघाला. हार आम्ही सोबत नेले होते. दुपारी प्रमाणपत्र हातात पडलं. शुल्क, फोटो, प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स असा सगळा खर्च दोन हजारांच्या आत बसला. साक्षीदारांचं जेवण वेगळं.

आता ज्यांच्या घरी परिस्थिती बिकट आहे त्यांच्यासाठी. माझ्या घरी अबोला होता, हिंसा नव्हती, म्हणून मी उघडपणे जाऊ शकले. तुमच्या जिवाला भीती असेल तर घरी सांगायला एकट्याने जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात २७ मार्च २०१८ ला स्पष्ट सांगितलं आहे की दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नात कुटुंबाला किंवा जातपंचायतीला ढवळाढवळ करता येणार नाही, आणि अशा जोडप्यांना संरक्षण देणं पोलिसांचं काम आहे. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण असतं. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यांचा क्रमांक १५१००. तातडीच्या मदतीला ११२, महिला हेल्पलाइन १८१. दोघांपैकी एक अनुसूचित जाती-जमातीचा किंवा विमुक्त जाती-भटक्या जमातीचा असेल तर आंतरजातीय विवाहाच्या प्रोत्साहन योजनेची माहिती जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात मिळते.

मी नाव बदललेलं नाही. तशी सक्ती नाही, आणि लग्नाचं प्रमाणपत्र जुन्या नावावरच चालतं. बँक, विमा आणि भविष्य निर्वाह निधीत वारस म्हणून नवऱ्याचं नाव घातलं.

आईशी आता रोज बोलणं होतं. अण्णा दोन-अडीच महिने फोनवर आले नाहीत. मग एका रविवारी आईने न सांगता फोन त्यांच्या हातात दिला. बराच वेळ दोघंही गप्प. शेवटी त्यांनी विचारलं, "प्रमाणपत्राच्या सहीशिक्क्याच्या नकला काढून ठेवल्यास का?" मी नाही म्हणाले. "दोन काढ. मूळ प्रत कुणाच्या हातात देऊ नकोस." त्याच आठवड्यात अर्ज केला आणि काढल्या. तुम्हीही काढून ठेवा, पासपोर्टला आणि गृहकर्जाला लागतात. एक प्रत मी सांगलीला पाठवली. दादा म्हणतो, ती फाइलला लावलेली आहे.